चला गावोगावी : तेलाची गावं

दोस्तांनो, 'तेलाचं गाव' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? वाळवंट, उंचच उंच लोखंडी मनोरे आणि त्यांतून उसळणारं काळं तेल? बहुतेक जण अरबस्तानाचं नाव घेतील. एखादी हुशार मुलगी म्हणेल, "आपल्या आसाममधलं दिगबोई!" शाब्बास! दिगबोईला १८८९ साली तेलाची विहीर खणायला घेतली आणि १९०१ साली तिथे तेल शुद्ध करायचा कारखाना सुरू झाला. तो आजही चालू आहे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात टायटसव्हिल नावाचं गाव आहे. एडविन ड्रेक यांना १८५९ साली तिथे जमिनीखाली तेल लागलं. मग काय, आजूबाजूला पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी गावं उगवली! त्यातल्या पिटहोल गावाची गोष्ट तर ऐकण्यासारखीच आहे. १८६५ च्या जानेवारीत तिथे तेल लागलं आणि वर्ष संपायच्या आत हजारोंची वस्ती झाली. हॉटेलं आली, दुकानं आली, नाटकाचं थिएटर आलं. पुढे विहिरी आटल्या आणि पाचेक वर्षांत तिथे तीनशे माणसंसुद्धा उरली नाहीत. तेल संपलं, गाव संपलं.

आज आपण जी तेलाची गावं पाहणार आहोत ती मात्र अगदी जवळची आहेत. धाराशिव जिल्हा, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद, आणि त्याला खेटून असलेली दोन गावं, एका अंगाला बार्शी आणि दुसऱ्या अंगाला लातूर. इथे कुणी जमिनीत पाइप घातला नाही. इथलं तेल दर वर्षी जमिनीवर उगवायचं!

दाण्यातलं तेल

करडई, जवस, भुईमूग, तीळ, कारळं, सूर्यफूल. या सगळ्यांच्या दाण्यांत तेल असतं. अशा पिकांना गळीत धान्यं किंवा तेलबिया म्हणतात. रोपाने हे तेल आपल्या फोडणीसाठी साठवलेलं नसतं बरं का! बी रुजताना इवल्या कोंबाला ताकद लागते, तिची ती शिदोरी. आपण ती मधल्यामध्ये पळवतो.

कुठल्या दाण्यात किती तेल? साधारण हिशेब असा. शंभर किलो शेंगदाण्यांत ४५ ते ५० किलो, तिळात जवळजवळ तेवढंच, जवसात ३५ ते ४०, करडईत ३० च्या आसपास आणि सोयाबीनमध्ये फक्त १८ ते २०. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

बालाघाटच्या डोंगराखालची ही जमीन काळी आणि पाऊस बेभरवशाचा. अशा ठिकाणी करडई म्हणजे शहाणं पीक. पावसाळा संपता संपता पेरायची. तिची मुळं दोन मीटरपेक्षाही खोल जातात आणि काळ्या मातीच्या पोटात राहिलेली ओल शोधून काढतात. वरून पाणी द्यायला नको. कोवळी असताना तिची भाजी करतात, भाकरीबरोबर झकास लागते. फुलं पिवळी-केशरी. जुन्या काळी त्यांच्यापासून कापड रंगवायचा रंग काढत, तोच कुसुंबी रंग. पण पीक वाळलं की झाडभर काटे! म्हणून कापणी पहाटे करायची. दवाने काटे मऊ झालेले असतात.

घाण्याचा बैल

दाण्यातून तेल काढायचं यंत्र म्हणजे घाणा. मधे लाकडाचं मोठं उखळ, त्यात तिरकी उभी केलेली जाड लाट. लाटेला आडवं लाकूड जोडायचं, त्यावर वजन ठेवायचं आणि बैल जुंपायचा. बैल गोल गोल फिरतो, लाट उखळात दाणे रगडते आणि तेल सुटतं. बैलाच्या डोळ्यांवर झापडं बांधायची, म्हणजे त्याला भोवळ येत नाही. दिवसभर चालून जो तिथल्या तिथेच राहतो त्याला आपण 'घाण्याचा बैल' म्हणतो, ते यावरूनच.

तेल निघाल्यावर जो चोथा उरतो ती पेंड. घाण्याच्या पेंडीत दहा टक्क्यांच्या आसपास तेल तसंच राहतं. म्हणून गाई-म्हशी ती इतक्या आवडीने खातात! पूर्वी गावोगावी तेली असत आणि त्यांच्या घराशी घाणा. स्वयंपाकाचं तेल तिथलंच, अंगाला लावायचं तिथलंच आणि दिव्यातलंही तिथलंच.

दिव्यातलं तेल मात्र आधी गेलं. टायटसव्हिलची विहीर आठवते ना? तसल्या विहिरींतून निघालेलं रॉकेल डब्यांत भरून जगभर पोचलं, तसं आपल्याकडेही आलं. रॉकेल म्हणजे 'रॉक ऑइल', दगडातलं तेल. ते स्वस्त होतं आणि कंदिलात लख्ख जळायचं. समईत आणि पणतीत दाण्याचं तेल राहिलं ते देवापुरतं. म्हणजे दूरदेशीचं तेल आलं की गावातलं तेल मागे सरतं, ही गोष्ट काही आजची नाही.

पहिला थांबा : बार्शी

आता प्रवासाला निघू या. सोलापूर-पुणे मार्गावर कुर्डुवाडी स्टेशन आहे. पूर्वी त्याचं नावच 'बार्शी रोड' होतं. तिथून बार्शी एकवीस मैल, म्हणजे ३४ किलोमीटर.

बार्शीला श्रीभगवंताचं प्रसिद्ध मंदिर आहे. अंबरीष राजाने इथे द्वादशीचं व्रत केलं, म्हणून बारस आणि त्यावरून बार्शी, अशी लोककथा सांगतात. पण व्यापारी बार्शीला ओळखत ते तिच्या बाजारपेठेमुळे. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात होती. तिच्या पलीकडे लगेच निजामाचं राज्य लागायचं. धाराशिव आणि लातूर तिकडे. तिकडचं नाणं वेगळं, हाली शिक्का. सरहद्दीवर जकात, तिला म्हणत करोडगिरी. तरीही कापसाच्या आणि तेलबियांच्या गाड्या बार्शीला यायच्याच. बैलगाडीने खडबडीत रस्त्यावरून दिवसच्या दिवस!

'बार्शी लाईट'ची गंमत

हे पाहून एका इंग्रज इंजिनियरच्या मनात आलं, इथे छोटी, स्वस्त, हलकी आगगाडी का नको? त्यांचं नाव एव्हरार्ड कॅलथ्रॉप. १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनीची नोंदणी झाली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी धावू लागली.

दोन रुळांमधलं अंतर किती? फक्त अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर! आजच्या मोठ्या गाडीच्या रुळांत १,६७६ मिलिमीटर अंतर असतं. घरातली मोजपट्टी घ्या आणि जमिनीवर खडूने दोन्ही रेघा आखा. मग कळेल 'लाईट' म्हणजे किती लाईट. पण कॅलथ्रॉप यांची खरी हुशारी वेगळीच होती. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही अशा बेताने त्यांनी इंजिनं आणि डबे आखले. वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटलं गेल्यामुळे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल जाऊ लागला. ही गाडी भारतात येण्याआधी इंग्लंडमध्ये लीड्स शहराजवळ रूळ टाकून, चालवून दाखवली होती.

पुढे ही गाडी वाढत गेली. १९०६ साली पंढरपूर, १९०७ साली तडवळे, १९११ साली लातूर आणि १९२७ साली मिरज. मिरज ते लातूर सव्वातीनशे किलोमीटरहून थोडी जास्तच लांबी! पंढरीच्या वाऱ्या हिने केल्या, बाजारहाट केला, तेलबियांची पोती ओढली. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली. नंतर रूळ रुंद करायचं काम झालं आणि २००७-०८ मध्ये कुर्डुवाडी-लातूर मार्गावर मोठी गाडी आली. एक गंमत बघा. छोटी गाडी शंभर वर्षं जिल्ह्यातून धावली, पण धाराशिव शहराला ती शिवलीच नव्हती! मोठी गाडी आली तेव्हा मार्ग वळवला गेला आणि शहराला पहिल्यांदा रेल्वे मिळाली.

येडशी, तडवळे आणि तेर

बार्शीहून गाडी बालाघाटच्या डोंगरात शिरते. धाराशिव शहराजवळ डोंगरात कोरलेली प्राचीन लेणी आहेत, ती जरूर पाहा. पुढे येडशी. इथल्या दरीत रामलिंगाचं मंदिर आहे. पावसाळ्यात धबधबा असतो आणि माकडांचा दंगा तर बारा महिने! खाऊची पिशवी सांभाळा म्हणजे झालं. जवळच कसबे तडवळे. १९४१ च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे परिषदेसाठी आले होते.

मग ढोकी स्टेशन आणि तिथून जवळच, तेरणा नदीच्या काठी, तेर. या गावाचं वय ऐकाल तर थक्क व्हाल. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषा जाणणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला 'पेरिप्लस' म्हणतात. त्यात 'तगर' नावाच्या मोठ्या गावाचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथलं कापड गाड्यांत भरून भडोच बंदरात जायचं. ते तगर म्हणजेच आपलं तेर! बैलगाड्यांनी माल बाहेर पाठवायची इथली सवय किती जुनी आहे पाहा.

तेरमधल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या मातीत सापडलेल्या वस्तू आयुष्यभर जपून गोळा केल्या. त्यांच्याच नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय गावात आहे. तिथे मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या आणि हस्तिदंती मूर्ती आहे. अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती थेट इटलीत, पाँपेई गावात सापडली. ते गाव इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. तुम्ही गेलात की आणखी एक गोष्ट शोधा, मातीचे जुने दिवे. त्यांत कुणाच्या तरी घाण्यावरचं तेल घातलं असेल आणि त्या उजेडात कुणीतरी जेवलं असेल, हिशेब केला असेल, गोष्ट ऐकली असेल.

तेरचं त्रिविक्रम मंदिरही पाहा. विटांचं आहे आणि मागची बाजू अर्धगोल. मुळात ते बौद्ध चैत्यगृह होतं. आणि तेर हे संत गोरोबाकाकांचं गाव, त्यांची समाधी इथेच आहे. पणत्या घडवणाऱ्या कुंभाराचं गाव!

वाट वाकडी करून तुळजापूर

तुळजापूर या रेल्वेमार्गावर नाही. पण तेलाची गोष्ट चालली असताना ते गाळता येणार नाही. भवानीच्या गोंधळात गोंधळी काय घेऊन उभे राहतात? हातात पेटती दिवटी आणि जवळ तेलाची बुधली. संबळ वाजतं, कथा रंगते आणि दिवटी विझू नये म्हणून मधून मधून तेल घालत राहायचं.

दसऱ्याला देवीचं सीमोल्लंघन होतं. त्यासाठी पालखी येते अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून आणि तिचा मान आहे तेली समाजातल्या भगत घराण्याकडे. दिवाळीच्या अमावास्येला रात्री 'भेंडोळी' निघते. तेलात भिजवलेले पेटते पोत लांब काठीला बांधून, खांद्यांवर घेऊन माणसं मंदिराकडे धावत सुटतात. बघायला जाल तर मोठ्यांचा हात धरूनच उभे राहा.

शेवटचा थांबा : लातूर

लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. १९८२ साली त्याचा वेगळा जिल्हा झाला. इथे पाहायचं ते गंजगोलाई. मधे १९१७ साली बांधलेली दुमजली गोल इमारत, त्यात अंबाबाईचं मंदिर, आणि भोवतीने सूर्याच्या किरणांसारखे निघालेले सोळा रस्ते! एका रस्त्यावर सोनं, एकावर चपला, एकावर मिरची, एकावर गूळ. फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने हा आराखडा केला.

रेल्वे आली आणि लातूरची पेठ भरभराटीला आली. तेलबियांचा मोठा बाजार इथे भरू लागला, तेलाच्या गिरण्या निघाल्या. बैलाच्या घाण्याची जागा लोखंडी यंत्रांनी घेतली. केशवराव सोनवणे यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांच्या सहकारातून मोठा तेल कारखाना उभा राहिला. लोक त्याला 'डालडा फॅक्टरी'च म्हणत. डालडा हे खरं तर एका वनस्पती तुपाच्या कंपनीच्या मालाचं नाव, पण ते सगळ्यांच्याच तोंडी बसलं होतं. पातळ तेलात हायड्रोजन वायू मिसळला की ते तुपासारखं घट्ट होतं, तेच वनस्पती तूप. लातूरला गळीत धान्यांचं संशोधन केंद्रही आहे. जास्त तेलाच्या, कीड न लागणाऱ्या जाती शोधायचं काम तिथे चालतं.

मग करडई कुठे गेली?

ती 'डालडा फॅक्टरी' आता बंद आहे. लातूरचा बाजार मात्र जोरात आहे, पण तो सोयाबीनचा! धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत पावसाळ्यात निघालात तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीनच दिसेल. करडईचं शेत शोधावं लागेल.

असं का झालं? शेतकऱ्यांची कारणं खरी आहेत. सोयाबीन तीन-सव्वातीन महिन्यांत हातात पडतं, त्याला काटे नाहीत, आणि बाजारात ते लगेच खपतं. करडई कापायला मजूर मिळत नाहीत. त्यात १९९४ नंतर परदेशातून पामतेल आणणं सोपं झालं. ते स्वस्त. मग इथल्या तेलाला भाव कसा मिळणार? आज आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनकडून.

आता तो मघाचा आकडा आठवा. सोयाबीनमध्ये तेल फक्त १८ ते २० टक्के. ते घाण्यावर काढणं परवडत नाही. त्यासाठी मोठा कारखाना लागतो. तिथे दाण्याचे पोहे करून ते एका द्रावणात भिजवतात. द्रावण तेल ओढून घेतं, नंतर ते वाफ करून वेगळं काढतात. पेंडीत एक टक्का तेलही राहत नाही. म्हणजे पीक बदललं तसं यंत्र बदललं आणि यंत्र बदललं तशी गावातली घाणीही गेली. बैल गेला, लाट गेली आणि ती बनवणारा सुतारही गेला.

उलटी आलेली गाडी

एप्रिल २०१६. लागोपाठच्या दुष्काळाने लातूर शहराचे नळ कोरडे पडले होते. तेव्हा मिरजेहून एक आगगाडी निघाली. तिला दहा टाकीचे डबे होते आणि त्यांत पाच लाख लिटर पिण्याचं पाणी होतं. हे डबे आधी राजस्थानात कोट्याला वाफेने धुऊन साफ केले होते. १२ एप्रिलला पहाटे गाडी लातूरला पोचली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, हा मार्ग कुठला? तोच, आपल्या 'बार्शी लाईट'चा! ज्या वाटेने शंभर वर्षं इथून तेलबिया बाहेर गेल्या, त्याच वाटेने आता पाणी आत येत होतं.

याचा दोष एकट्या कुठल्या पिकाचा नाही. पाऊसच तीन वर्षं रुसला होता. पण कमी पाण्यात, खोल मुळांनी जगणारं पीक शेतातून जाऊ द्यावं का, हा प्रश्न त्या गाडीने सगळ्यांपुढे ठेवला. आणि उत्तरं शोधणारी माणसं आहेत बरं का! फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'नारी-६' ही बिनकाट्यांची करडई तयार केली आहे. करडईची कापणी आता यंत्रानेही होते. गावोगावी पुन्हा 'लाकडी घाण्याचं तेल' अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. बैलाऐवजी विजेची मोटर असते, पण लाट लाकडाचीच.

पिटहोलची विहीर आटली ती आटलीच. आपल्या तेलाचं तसं नाही. पसाभर बी जपून ठेवलं असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतं.

करून पाहा

१) शेंगदाणा, तीळ, जवस आणि सोयाबीन यांचा एक-एक चमचा घ्या. प्रत्येक वेगवेगळा कुटून साध्या कागदावर ठेवा आणि दाबा. थोड्या वेळाने दाणे झटकून कागद उजेडासमोर धरा. कुणाचा डाग मोठा? वरच्या आकड्यांशी जुळतो का?

२) घरातल्या तेलाच्या पिशवीवरची बारीक अक्षरं वाचा. त्यात कुठलं तेल आहे?

३) आजीला विचारा, "तू लहान असताना फोडणीला कुठलं तेल होतं आणि ते कुठून आणायचं?" तिचं उत्तर वहीत लिहून ठेवा. तारीख घालायला विसरू नका!

कसं जाल?

कुर्डुवाडीहून लातूरकडे जाणारी गाडी पकडा. बार्शी, धाराशिव, लातूर ही मोठी स्टेशनं. छोट्या स्टेशनांवर कुठली गाडी थांबते ते आधी विचारून घ्या. तेरला धाराशिवहूनही जाता येतं, अंतर वीसेक किलोमीटर. वस्तुसंग्रहालयाची वेळ निघण्यापूर्वी विचारा. करडईची फुलं पाहायची असतील तर थंडीच्या दिवसांत जा आणि शेतात शिरण्याआधी शेतकरीदादांना विचारा. काटे तुम्हालाच टोचतील!